स्क्रोल करताना राखाडी चौकटी पुन्हा पुन्हा येतात: मॉडेलचा अंदाज बरोबर, मग प्रीलोड फसतं कुठे?

तक्रार दरवेळी साधारण अशीच येते: "फोटो येतच नाहीत, नुसत्या राखाडी चौकटी. डेटा मात्र दुपारीच संपतो." आमच्या गोव्यात कधी ती वाळपईहून येते, कधी काणकोणहून, कधी पर्वरीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरून. डॅशबोर्डवर मात्र बोट कुठे थांबणार हे ओळखणाऱ्या मॉडेलची अचूकता झकास दिसत असते. कोणीतरी मॉडेल पुन्हा ट्रेन करतं, काही दिवस बरे जातात, आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की ये रे माझ्या मागल्या.

संदर्भासाठी सांगतो, आमचं ॲप मराठीत आहे आणि त्यात एकच लांब फीड आहे: जत्रा, भजनं, नाटकं, गावच्या बातम्या, लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ. बहुतेक लोक अँड्रॉइडवर, थोडे आयफोनवर, थोडे ब्राउझरमध्ये. बोट पुढे कुठे जाणार आणि कुठे थांबणार याचा अंदाज फोनवरच चालणारं एक छोटं मॉडेल करतं आणि त्याप्रमाणे पुढचं सामान आधीच उतरवून ठेवलं जातं, हेच प्रीलोड. तुमचं ॲप खरेदीचं असो की रेसिपींचं, खालच्या गोष्टी जशाच्या तशा लागू होतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा तक्रारींत अंदाज चुकलेला निघतो असं फार क्वचित घडतं. अंदाज बरोबर असतो, पण तो स्क्रीनवर पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी वाया जातो. आणि हा त्रास पुन्हा पुन्हा उगवतो, कारण मॉडेल ज्या लॉगवर (वापराच्या नोंदींवर) शिकतं ते लॉग मॉडेलच्याच वागण्याने वाकडे झालेले असतात. म्हणून 'पुन्हा ट्रेन करूया' हा उपाय यादीत सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी मॉडेल बंद करा

रिमोट फ्लॅगने (सर्व्हरवरून बदलता येणाऱ्या सेटिंगने) मॉडेल बंद करा आणि त्याच्या जागी एक साधा नियम लावा: स्क्रोल ज्या दिशेला चाललंय त्या दिशेची पुढची तीन कार्डं (फीडमधली एक पोस्ट म्हणजे एक कार्ड) उतरवायची, बस्स. तोच फोन, तेच सिम, तीच वेळ. ऑफिसच्या वायफायवर हे करून काही कळणार नाही. सिमवरच्या डेटावर करा, जमलं तर कदंबच्या बसमध्ये किंवा रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसून करा.

चौकटी तेवढ्याच दिसल्या तर मॉडेलचा संबंध नाही, खालचे पहिले दोन भाग बघा. चौकटी कमी झाल्या, म्हणजे साध्या नियमाने मॉडेलला हरवलं, तर 'दुरुस्त केलं, महिन्याभराने पुन्हा तेच' आणि 'डेटा संपतो' या भागांवर जा.

तुलना करायला एकटी 'अचूकता' पुरत नाही. तीन आकडे लागतात. जे उतरवलं त्यातलं किती खरंच दिसलं. जे दिसलं त्यातलं किती आधीच तयार होतं. आणि जे तयार होतं ते दिसण्याच्या किती आधी तयार झालं. प्रोसेसरच्या प्रीफेचिंगमध्ये (लागणारा डेटा आधीच आणून ठेवण्यात) हीच तीन मोजमापं फार पूर्वीपासून वापरतात. ॲप बनवणारे पहिल्यावर खूश होऊन थांबतात आणि तिसरं तर कोणी लॉगच करत नाही. पंगतीत भात कोणाला लागणार हे वाढप्याला बरोबर ठाऊक असून उपयोग काय, तो पातेलं घेऊन पोचेपर्यंत माणूस हात धुवायला उठला असेल तर?

आणखी एक प्रश्न आधीच विचारून घ्या: टीममध्ये 'प्रीलोड' म्हणताना कोण काय समजतंय? यादीचं पुढचं पान सर्व्हरवरून आणणं, फोटोच्या फाइली डिस्कवर आणणं, फोटो डिकोड करून (फाइल उलगडून पिक्सेल बनवून) मेमरीत ठेवणं आणि कार्डाचा व्ह्यू बांधून ठेवणं ही चार वेगळी कामं आहेत. अँड्रॉइडवर यादी दाखवणाऱ्या रिसायकलरव्ह्यूमध्ये २०१६ पासून जे प्रीफेच आपोआप चालू असतं ते फक्त चौथं काम करतं, तेही दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळात. 'रिसायकलरव्ह्यू प्रीफेच करतोच की' म्हणून निवांत बसलेली टीम मी पाहिली आहे. त्याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही. अँड्रॉइडच्या पेजिंग ३ या लायब्ररीतलं प्रीफेच-अंतर हे पहिल्या कामासाठी. मधली दोन कामं तुमच्याच गळ्यात.

फाइल उतरलेली आहे, तरी चौकट दिसते

नेटवर्क लॉगमध्ये फोटो दोन सेकंद आधीच आलेला दिसतो. तरी कार्ड स्क्रीनवर आलं की चौकट. लोक इथे मॉडेलला शिव्या घालतात, पण गडबड मेमरीत असते.

हिशेब करून बघा. फोनची स्क्रीन १०८० बाय २४००. लोकांनी टाकलेला उभा फोटो पूर्ण रुंदीत दाखवला तर १०८० बाय १३५०. एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे डिकोड झालेला फोटो ५८,३२,००० बाइट, साधारण ५.८ एमबी. डाउनलोड होताना तो जेमतेम २५० केबीचा होता, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही. आता ग्लाइड ही अँड्रॉइडची फोटो-लायब्ररी वापरत असाल तर त्याची मेमरी कॅशे (हाताशी ठेवलेला साठा) मुळात दोन स्क्रीनभर पिक्सेल मावतील एवढीच असते. १०८० गुणिले २४०० गुणिले ४ गुणिले २, म्हणजे सुमारे २०.७ एमबी. त्यात असे फोटो बसतात तीन. चौथ्याला जागा नाही.

मॉडेलने पुढची आठ कार्डं सांगितली आणि आपण आठही डिकोड करून ठेवायला गेलो, तर चौथा आत येताना पहिला बाहेर जातो. कॅशेच्या नियमाने सगळ्यात जुना आधी जाणार, आणि आपल्याला सगळ्यात आधी तोच हवा असतो. लॉगमध्ये हे कसं दिसतं ते एका कार्डापुरतं समजा असं: कार्ड २१, अंदाज ०.८२. विनंती ० मिलिसेकंदाला. फाइल आली १९०० ला. डिकोड झाली १९४० ला. कॅशेतून हकालपट्टी २६०० ला. कार्ड स्क्रीनवर ३४०० ला. पुन्हा डिकोड सुरू, फोटो दिसला ३४५० ला. या कार्डाचा अंदाज बरोबर मोजला गेला, प्रीलोड यशस्वी मोजलं गेलं, आणि माणसाला चौकट दिसलीच. वर फोनने तोच फोटो दोनदा डिकोड केला.

इलाज म्हणजे किती पुढपर्यंतचं आणायचं हे दोन ठिकाणी वेगळं ठेवायचं. डिस्कवर आठ आणा, हरकत नाही. मेमरीत डिकोड मात्र पुढच्या दोनांचाच करा. ग्लाइडमध्ये डाउनलोडओन्ली आणि प्रीलोड या दोन वेगळ्या गोष्टी त्यासाठीच आहेत.

याच भागातला दुसरा चोर म्हणजे माप. ग्लाइडच्या मेमरी कॅशेच्या किल्लीत (ज्या खुणेने फोटो शोधला जातो तिच्यात) रुंदी, उंची आणि ट्रान्सफॉर्मेशन येतात. प्रीलोड करताना १०८० बाय १०८० मागितलं आणि कार्डाने १०८० बाय १३५० मागितलं, किंवा कार्डात कोपरे गोल केलेत आणि प्रीलोडमध्ये नाहीत, तर मेमरीत असलेला फोटो सापडतच नाही. डिस्कवरची फाइल कामी येते, नेटवर्क वाचतं, डिकोड वाचत नाही. डिझायनरने कार्डाची उंची बदलली त्या रिलीजपासून तक्रारी वाढल्या असतील तर आधी इथे बघा. मॉडेलला फीचर (अंदाजासाठी पुरवलेली माहिती) म्हणून पिक्सेलमधला वेग देत असाल तर त्याच रिलीजमध्ये मॉडेलही आंधळं झालेलं असतं. वेग 'सेकंदाला किती कार्डं' असा द्या, म्हणजे कार्ड उंच झालं, फोन बदलला, तरी अर्थ बदलत नाही.

फाइलच उशिरा येते

इथे आधी एक कटू गोष्ट. प्रीलोडने वाट बघणं लपतं, नेटवर्कची रुंदी वाढत नाही. जत्रेच्या रात्री एकाच टॉवरवर सगळा गाव लटकलेला असतो. समजा तुमच्या वाट्याला १ एमबीपीएस आलं. २५० केबीचा फोटो म्हणजे २००० किलोबिट, म्हणजे एका फोटोला २ सेकंद. माणूस सेकंदाला दोन कार्डं सरकवतोय. त्याला हवेत ४ एमबीपीएस, मिळतंय १. जगातलं कुठलंही मॉडेल लावा, हा हिशेब जुळत नाही. मॉडेलने सहा फोटो एकदम मागवले तर तोच १ एमबीपीएस सहा जणांत वाटला जातो आणि सगळे मिळून १२ सेकंदांच्या आसपास येतात. तोवर डोळ्यासमोर असलेलं कार्डही त्याच रांगेत तिष्ठत उभं.

म्हणून प्रत्येक कार्डासाठी आधी ३० केबीचा छोटा फोटो. २४० किलोबिट, १ एमबीपीएसवर पाव सेकंदही लागत नाही. सेकंदाला दोन कार्डं आरामात भरतात. मोठा फोटो कोणत्या कार्डांसाठी मागवायचा हे ठरवताना मॉडेल खरं कामाला येतं. 'पुढे काय दिसणार' हा प्रश्न मॉडेलला विचारण्यात अर्थ नाही, ते यादीतच लिहिलेलं आहे. बोट कुठे थांबणार, हा विचारण्यासारखा प्रश्न.

त्यातही एक सूट आहे. बोटाने झटका देऊन स्क्रीन सोडून दिली की पुढची घसरण शुद्ध गणित असतं. सुरुवातीचा वेग आणि घर्षण ठाऊक असेल तर यादी कुठे थांबणार हे बोट उचलल्या क्षणीच ठरलेलं असतं. अँड्रॉइडवर ओव्हरस्क्रोलरला फ्लिंगचा (त्या झटक्याचा) वेग देऊन शेवटची जागा विचारता येते. रिसायकलरव्ह्यूचा फ्लिंग-लिसनर वेग हातात देतो. त्यातून 'मी हाताळलं नाही' असं उत्तर परत दिलं की नेहमीचं स्क्रोल चालू राहतं. आयफोनवर तर ड्रॅग संपतानाच सिस्टिम थांबण्याची जागा स्वतःहून सांगते. जिथे उत्तर पाटीवर लिहिलेलं आहे तिथे मशीन लर्निंग कशाला? मधली वीस कार्डं सोडून द्या आणि थांब्याजवळची चार मागवा. माणसाने मध्येच बोट टेकवून स्क्रोल थांबवलं, तर मात्र ते गणित रद्द. तेव्हा चालू विनंत्याही रद्द झाल्या पाहिजेत, आणि पुष्कळ ॲपमध्ये त्या होत नाहीत. आयफोनवर यादी दाखवणाऱ्या यूआयकलेक्शनव्ह्यूच्या प्रीफेचिंगसोबत रद्द करण्याची मेथडही २०१६ पासून, आयओएस १० मध्येच, दिलेली आहे. ती ऐच्छिक आहे म्हणून अनेकांनी रिकामी सोडलेली असते.

रांगेचा मुद्दा अँड्रॉइडवर विशेष जपा. ओकेएचटीटीपी ही नेटवर्क-लायब्ररी असिंक्रोनस (मागे चालणाऱ्या) विनंत्यांसाठी एका होस्टला (सर्व्हरला) एका वेळी ५ विनंत्या सोडते, ही मुळातली सेटिंग. पाचही जागा प्रीलोडने अडवल्या तर समोरचं कार्ड सहावं. रांगेत 'हा आधी' असं सांगायची सोय त्यात नाही. आम्ही प्रीलोडला एका वेळी दोनच जागा देतो आणि तीन जागा समोर दिसणाऱ्या कार्डांसाठी मोकळ्या सोडतो. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटताना दिसतात, आणि हे करायला डेटा सायंटिस्ट लागत नाही.

स्क्रोल अडखळतं

हे लवकर उरकतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला एका फ्रेमसाठी १६.६ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१, १२० ला ८.३. मॉडेल मेन थ्रेडवर (जिथे स्क्रीन रंगवण्याचं काम चालतं), तेही स्क्रोलच्या प्रत्येक कॉलबॅकला चालत असेल तर १२० हर्ट्झवाल्या नव्या फोनवर जुन्यापेक्षा जास्त अडखळेल, आणि 'महागड्या फोनवर कसं अडकतं' म्हणून टीम चक्रावेल. मॉडेल वेगळ्या थ्रेडवर ठेवा आणि फक्त घटना घडली की चालवा: बोट टेकलं, बोट उचललं, दिशा बदलली. फोनवर मॉडेल चालवणाऱ्या टेन्सरफ्लो लाइटचा, म्हणजे २०२४ पासून लाइटआरटीचा, एकच इंटरप्रिटर दोन थ्रेडांतून एकदम वापरू नका, तो त्यासाठी बनलेला नाही. शंका असेल तर परफेटो या साधनात ट्रेस (कोणत्या थ्रेडवर कधी काय चाललं याची नोंद) घ्या. मेन थ्रेडवर मॉडेलची पट्टी दिसली की निदान झालं.

आणि खरं सांगायचं तर या कामाला न्यूरल नेटवर्क लागतंच असं नाही. वेग, गेल्या पाच थांब्यांची लांबी, कार्डाचा प्रकार, व्हिडिओ आहे की नाही, नेटवर्क कसलं. एवढ्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (शक्यता काढायचं साधं सूत्र) भागवून नेतं, आणि बिघडलं तर आत डोकावून बघता येतं.

दुरुस्त केलं, महिन्याभराने पुन्हा तेच

मूळ दुखणं हे आहे, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मॉडेलला शिकवायला लेबल, म्हणजे प्रत्येक नोंदीचं खरं उत्तर, लागतं. बहुतेक ठिकाणी ते असं असतं: कार्ड एक सेकंदाहून जास्त वेळ स्क्रीनवर राहिलं तर 'थांबला', नाहीतर 'पुढे गेला'. वरवर निर्दोष. आता ते प्रत्यक्ष फीडमध्ये ठेवून बघा. सत्तरीतल्या एखाद्या जत्रेचा फोटो. मॉडेलने म्हटलं, यावर कोणी थांबणार नाही, म्हणून तो प्रीलोड झाला नाही. माणूस तिथे आला, राखाडी चौकट दिसली, त्याने बोट पुढे सरकवलं. लॉगमध्ये नोंद झाली: 'पुढे गेला'. मॉडेलचं म्हणणं खरं ठरलं! पुढच्या ट्रेनिंगमध्ये जत्रेच्या फोटोंचा अंदाज आणखी खाली गेला, आणखी कमी प्रीलोड झाले, आणखी चौकटी, आणखी 'पुढे गेला'. माणसाला तो फोटो बघायचा होता की नाही, हे या सगळ्यात कोणी विचारलंच नाही.

उलट्या दिशेनेही घडतं. नेटवर्क मंद, माणूस फोटो येईल म्हणून तीन सेकंद चौकटीकडे बघत बसला, कंटाळून गेला. लॉगमध्ये: तीन सेकंद, 'थांबला'. म्हणजे जिथे आपण त्याला ताटकळवलं तिथे त्याला गोडी होती असं मॉडेल शिकतं. एकाच लॉगमध्ये दोन्ही खोटं मिसळलेलं, आणि किती कुठे हे नेटवर्कवर अवलंबून. पणजीच्या लॉगवर शिकलेलं मॉडेल काणकोणमध्ये विचित्र वागतं त्यामागे हेही एक कारण.

ओळखायची खूण पक्की आहे: प्रत्येक ट्रेनिंगनंतर ऑफलाइन (जुन्या लॉगवर मोजलेली) अचूकता वर जाते आणि प्रत्यक्षात 'दिसलं त्यातलं किती तयार होतं' हा आकडा खाली येतो. हे दोन आकडे उलट दिशांना चालू लागले की ट्रेनिंग थांबवा. आणखी शिकवलं तर मॉडेल स्वतःच्याच वागण्याचा आणखी चांगला अंदाज करेल, इतकंच.

दुरुस्तीचे तीन भाग, आणि तिन्ही लागतात. एक, थांबण्याचं घड्याळ कार्ड स्क्रीनवर आल्यापासून लावू नका, फोटो रंगल्यापासून लावा. फोटो रंगायच्या आत माणूस गेला तर त्या ओळीला लेबलच देऊ नका. 'माहीत नाही' हेही उत्तर असतं. दोन, प्रत्येक ओळीत हे कार्ड प्रीलोड झालं होतं का, आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहा. तीन, थोडी सेशन्स चिठ्ठ्या टाकून राखीव ठेवा, त्यांत मॉडेल नाही, 'पुढची तीन' हा साधा नियम. मॉडेलची खरी तुलना या राखीव गटाशीच होऊ शकते, आणि ट्रेनिंगमध्ये या ओळींना जास्त वजन द्या, कारण त्या मॉडेलच्या हाताने उष्टावलेल्या नाहीत. मॅनेजर म्हणेल, राखीव गटातल्या लोकांना मुद्दाम वाईट अनुभव का द्यायचा? साध्या नियमाने त्यांचा अनुभव खरंच वाईट होत असेल तर आकडे दाखवा म्हणावं. अनेकदा होत नाही.

चवथीचा घोळ वेगळा धरा. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला बांधलेली फळं, रानफळं, भाज्या. कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धा घेतं, गावोगावचे लोक फोटो टाकतात, आणि बघणारे एकेका फोटोवर थांबून, बोटांनी मोठा करून, कोणतं फळ कुठे बांधलंय ते बघतात. मे-जूनच्या बातम्यांवर शिकलेल्या मॉडेलला माणूस एवढा वेळ एका कार्डावर रेंगाळतो हे ठाऊकच नसतं. त्यात फोटो उभे आणि भारी. म्हणजे अंदाज कच्चा आणि मेमरी अपुरी, दोन्ही एकाच आठवड्यात. आमचा उपाय फार हुशारीचा नाही: सणाच्या दिवसांत नव्या प्रकारच्या कार्डांपुरतं मॉडेल बाजूला आणि साधा नियम पुढे, राखीव गटाचे ताजे लॉग जमेपर्यंत. कॅलेंडर हातात असताना मॉडेलने ते शोधून काढायची वाट कशाला बघायची? शिगम्यालाही हेच करतो.

डेटा संपतो

इथे थ्रेशोल्ड बघायचा, म्हणजे अंदाज किती वर गेला की उतरवायचं ती रेषा. आधीच उतरवून ठेवलं की वाट बघणं कमी होतं आणि ट्रॅफिक वाढतं, ही देवाणघेवाण पद्मनाभन आणि मोगल यांनी वेबपानांबाबत १९९६ मध्येच दाखवली होती. ती टळत नाही, फक्त किती करायची ते ठरवता येतं. वाचणारा वेळ गुणिले दिसण्याची शक्यता, हे वाया जाणाऱ्या केबीच्या किमतीपेक्षा मोठं असेल तरच उतरवा. वायफायवर ती किंमत नगण्य, रोजच्या डेटा पॅकवर मोठी. म्हणजे थ्रेशोल्ड एक नको, नेटवर्कप्रमाणे वेगळे हवेत.

पण मॉडेलचा ०.८ हा खरंच ०.८ आहे का? इथे सर्रास फसगत होते. 'थांबला' ओळी कमी असतात म्हणून ट्रेनिंगमध्ये दोन्ही बाजू समान करतात. समजा खऱ्या फीडमध्ये 'थांबला' १० टक्के होते आणि ट्रेनिंगमध्ये ५० टक्के केले. आता मॉडेलचा ०.५ म्हणजे खरा ०.१, आणि ०.८ म्हणजे खरा ०.३१ च्या आसपास. ०.८ च्या वर उतरवायचं असा नियम लावून टीम निर्धास्त, आणि त्या रेषेवरचे दर तीन फोटोंपैकी दोन वाया. तपासायला राखीव गटाच्या ओळी घ्या, अंदाज ०.७ ते ०.८ असलेल्या वेगळ्या काढा आणि त्यांत खरे थांबलेले किती ते मोजा. पाऊणशे टक्क्यांच्या जवळपास नसतील तर आधी अंदाज कॅलिब्रेट करा (खऱ्या प्रमाणाशी जुळवून घ्या), मग थ्रेशोल्डला हात लावा.

दुसरं, 'वायफाय आहे का' असं विचारू नका. घरात एकाच्या फोनवरून हॉटस्पॉट आणि बाकी सगळे त्यावर, हे आपल्याकडे रोजचं. तुमच्या ॲपला ते वायफायच दिसतं आणि ते मोकाट सुटतं. 'मोजणीचं कनेक्शन आहे का' असं विचारायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, आणि अँड्रॉइडचा हॉटस्पॉट जोडलेल्या अँड्रॉइड फोनला आपण मोजणीचे असल्याची खूण पाठवतो. आयफोनवर आयओएस १३ पासून लो डेटा मोड आहे, तोही विचारात घ्या. माणसाने डेटा सेव्हर चालू केला असेल तर प्रीलोड पूर्ण बंद. त्याने स्पष्ट सांगितलंय, त्यावर अंदाज कसला करताय?

घाटात आणि बोगद्यात

रेल्वेने मडगावहून काणकोणला जाताना लागणारा बार्सेचा बोगदा तीन किलोमीटरहून लांब आहे. चोर्ला घाटात रेंज येते-जाते. बोगद्यात शिरताच प्रीलोडच्या विनंत्या अडकून साठतात, आणि बाहेर पडल्यावर सगळ्या एकदम उसळतात. माणूस तोवर यादीत बराच पुढे गेलेला असतो, त्याचं समोरचं कार्ड या शिळ्या विनंत्यांच्या मागे. सिग्नल गेल्याची सूचना मिळताच प्रीलोडची रांग फेकून द्या, राखून ठेवू नका. सिग्नल आला की पहिली विनंती समोरच्या कार्डाची, ती पूर्ण झाल्यावर मॉडेलला नव्याने विचारा. आणखी एक: नेटवर्क नसताना 'नेटवर्कचा प्रकार' या फीचरमध्ये शून्य जात असेल आणि ट्रेनिंगमध्ये शून्य म्हणजे वायफाय असेल, तर बोगद्यात मॉडेल सगळ्यात उधळं होतं. असले घोळ कोडात बघून सापडत नाहीत, फोनवरून आलेल्या फीचरच्या ओळी ट्रेनिंगच्या ओळींशेजारी ठेवल्या की लगेच दिसतात.

ब्राउझरमध्ये

क्रोम २०२० पासून लेझी लोडिंगच्या (जवळ आल्यावरच उतरवायच्या) फोटोंना ४जीवर १२५० आणि ३जी किंवा त्याहून मंद नेटवर्कवर २५०० पिक्सेल आधी मागवतो. साध्या फीडला तेवढं पुष्कळ आहे, वर मॉडेल लावलंत तर दोघं मिळून गरजेपेक्षा जास्त उतरवतात. फोटोंवरचं लेझी काढून तरी टाका किंवा मॉडेल तरी. इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरला (कार्ड स्क्रीनजवळ आलं की कळवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीला) समास देऊनही कार्ड स्क्रीनवर आल्यावरच घटना येत असेल तर तुमची यादी पानाच्या आतल्या वेगळ्या स्क्रोल होणाऱ्या डब्यात आहे का बघा. मूळ घटक म्हणून तो डबाच द्या, नाहीतर समास पानाच्या कडेला लागतो आणि डबा त्याला कापून टाकतो.

कमी रॅमचे फोन

सगळं तपासून झालं आणि तक्रार फक्त २-३ जीबी रॅमच्या फोनांवरून येत राहिली, तर तिथे मॉडेल लादू नका. त्यातल्या ज्या फोनांना अँड्रॉइड स्वतःच 'कमी रॅम'चे मानतो त्यांवर ग्लाइड कॅशे आणखी आखडती घेतो, वर मॉडेलची स्वतःची मेमरी. त्या फोनांपुरता फ्लॅग: छोटे फोटो सगळ्यांसाठी, मोठा फोटो पुढच्या एकाच कार्डाचा, व्हिडिओ दाबल्यावरच. तक्रार नोंदवणाऱ्याकडून फोनचं मॉडेल, सिमवरचा डेटा की हॉटस्पॉट आणि डेटा सेव्हरची स्थिती एवढं मागून घ्या. 'नेट स्लो आहे का' हे विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येक जण 'हो' असंच देतो.